हाताला सांगणारी मूठ

जळकोटच्या अलीकडच्या तळ्यावर गळ टाकून बसणारे सगळे पाण्याकडं टक लावून बसतात. तंगुसाच्या दोऱ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा बुडाला की काठी उपसायची, एवढंच त्यांना येतं. देविदास पाण्याकडं पाठ करून बसला तरी त्याचं अडत नसे. त्याच्या तंगुसाला तुकडा नसायचाच. खाली काय चाललंय ते त्याला काठीची मूठ सांगायची, आणि मूठ जे सांगेल ते तो सगळ्या तळ्याला सांगायचा, रेडिओवर मॅच चालू असल्यासारखं.

"चिलापी हाय. निस्तं चुटूचुटू करून राहिली. शाळंतलं पोरगं खोडरबर खातंय जनू."

मग बराच वेळ गप. मग: "हां. आता मरळ. मरळ इचारत न्हाई कुनाला. पोलिसावानी एकदम कॉलर."

आणि कधीतरी, अगदी हळू आवाजात: "वांब आली वाटतं. वांब लई साळसूद. वढत न्हाई, झटकत न्हाई, आपलं जड होत जातं. घरात पाव्हना येऊन बसतो का न्हाई, उठतच न्हाई, तसं."

शेजारी बसलेले फिदीफिदी हसायचे. मासा वर आला की त्यांचं हसू बंद, कारण देविदासनं जो सांगितला तोच यायचा.

बसायची जागाही ठरलेली. तळं झालं तेव्हा त्याचं दोन एकर रान विहिरीसकट पाण्यात गेलं होतं. विहिरीच्या बांधीव दगडांत मासा धरून असतो, आणि पाण्याखाली ती विहीर नेमकी कुठं आहे हे गावात त्याला एकट्यालाच ठाऊक. तो गळ आपल्याच विहिरीत टाकायचा. काठी बांबूची आणि तिची मूठ पांगाऱ्याची, त्याच्या वडिलांनी, शेषेरावांनी, कोरलेली. पांगारा म्हणजे हलकं लाकूड, पेंढ्यासारखं. वरून सुती दोरी गच्च गुंडाळलेली. वडिलांच्या हाताचा घाम आणि त्याच्या हाताचा घाम मुरून ती दोरी काळीभोर झाली होती.

घरात मात्र माशाचं नाव काढायची सोय नव्हती. सुभद्राबाई माळकरी. लग्न होऊन आली तीच गळ्यात तुळशीची माळ घालून. तिच्या चुलीवर मासा नाही, तिच्या भांड्यात मासा नाही. देविदासचं पातेलं वेगळं, उलथनं वेगळं, आणि चूल म्हणजे गोठ्यामागं मांडलेले तीन दगड. तिथं तो स्वतः रांधायचा, स्वतः उतरवायचा, तिथंच बसून खायचा. सुभद्राबाई त्या बाजूला फिरकायचीच नाही. त्यामुळं पातेलं उतरवताना तो फडकं कधीपासून घेईनासा झाला, हे पाहणारं कुणी नव्हतं. त्याचं त्यालाही लक्षात आलं नव्हतं.

मूठ मुकी झाली ती एका पावसाळ्यात. एकदम नाही. आधी चिलापी गेली; तिचं चुटूचुटू कळेना. मग मरळ, पोलीस असून, हळू आवाजात बोलायला लागली. देविदास काठी उपसायचा तेव्हा गळावरची कणीक कधीच खाऊन झालेली असायची.

"दोरी सडली," तो म्हणाला, आणि त्यानं नवी दोरी गुंडाळली. मग म्हणाला, "लाकूडच मेलं. बापाच्या टायमाचं हाय, कितीक दिवस बोलंल."

त्याच वर्षी तुळशीचं लग्न उरकल्यावर पुनम सर्व्हेला आली. पुनम म्हणजे देविदासच्या चुलत भावाची सून, आणि गावची आशाताई. कुष्ठरोगाचे नवे पेशंट शोधायचे होते. बायांचं अंग पुनमनं बघायचं आणि गड्यांचं बघायला सोबत नरसिंग, अशी जोडी होती. पण नरसिंग त्या दिवशी मेव्हण्याच्या लग्नात नाचत होता. पुनम एकटीच घरं करत होती. देविदास तिचा नात्यानं सासरा. ज्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर इंचभर ढळू देत नसे, त्याला ती सदरा काढा म्हणून सांगणार कशी? ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि जमिनीकडं बघत, पाढे म्हणावेत तशी म्हणाली:

"आत्याबाई, मामांच्या अंगावर चट्टा-बिट्टा, मुंग्या येनं, बधिर-बिधिर काई हाय का?"

मामा तीन हातांवर बाजेवर बसले होते. पण त्यांना थेट विचारायचं नसतं आणि त्यांनीही थेट सांगायचं नसतं. देविदासच्या उजव्या हाताला, कोपराखाली, पिंपळाच्या पानाएवढा फिकट डाग होता. सदऱ्याची बाही त्याच्यावर. तिथं घाम येत नसे, खाजत नसे, दुखत नसे. शिबं असतील म्हणून त्यानं दोनदा लिंबू चोळलं होतं. आता सुनेपुढं बाही कोण वर करणार?

"न्हाई म्हन तिला," तो सुभद्राबाईला म्हणाला.

"न्हाई म्हनतेत," सुभद्राबाई पुनमला म्हणाली.

"बरं," पुनम म्हणाली. कागदावर खूण केली, खडूनं दाराच्या चौकटीवर तारीख टाकली आणि पुढच्या घरी गेली.

पुढच्या साली धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयानं यायचं, पुरणाचे धोंडे खायचे आणि वाण घेऊन जायचं, अशी रीत. देविदासच्या लेकीचा, अयोध्याचा, नवरा आदिनाथ नांदेडला एका कंपनीच्या गोदामात कामाला. तो वाण घेऊन गेलाच, पण जाताना सासऱ्याच्या हातात एक लांबलचक पिशवी देऊन गेला. आत कंपनीचा रॉड, काळा, चकचकीत.

"मामा, ही काठी न्हाई, रॉड हाय," आदिनाथ मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस बोलतो तसं बोलला. "हँडल फोमचं हाय. दिवसभर धरा, हाताला काईच वाटनार न्हाई. ग्यारंटी."

ग्यारंटी शंभर टक्के खरी निघाली. दिवसभर धरला तरी हाताला काहीच वाटलं नाही.

"हाताला गादीवर निजवलंय," देविदास घरी येऊन म्हणाला. "फोम बसायला ठीक. मुठीला काय कामाचं?" त्यानं फोमची नळी ओढून काढली, माळ्यावर टाकली आणि उघडा रॉड घेऊन मलप्पा सुताराकडं गेला.

मलप्पा मूळचा कर्नाटकातला. त्याची दोन वाक्यं कानडी, एक मराठी, आणि मध्ये तंबाखूची पिंक. दोघांची मैत्री जुनी. चहा एकच मागवायचे, कप मलप्पाला, बशी देविदासला.

"एनप्पा देविदास, काय हवं?"

"मूठ. हाताला सांगनारी."

"बाभळीची घे. बाभूळ खोटं बोलत न्हाई."

बाभळीची मूठ बसली. जड झाली, आणि बोललीही नाही. मग बोरीची. मग कुणाच्या तरी खिडकीतून उरलेल्या सागवानाची. श्रावण गेला, भादवा गेला. सोयाबीन निघालं, विकलं. देविदास आठ-पंधरा दिवसांनी हजर.

"परत?" मलप्पा विचारायचा. "अरे, लोक बायकोसाठी एवढ्या जागा बघत न्हाईत."

"मूठ बारीक पडती. ही दोन बोटं वाकडी होऊन राहिलीत धरून धरून." देविदासनं पंजा दाखवला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आत वळलं होतं, चिमणीच्या पायासारखं.

"जाड करू." मलप्पानं मूठ जाड केली. पुढच्या वेळी आणखी जाड. शेवटी मोडक्या खुर्चीचा स्टीलचा पाइप आणला. "हे बघ. लोखंड गप बसूच शकत न्हाई. धर इकडं. डोळे मीट."

देविदासनं मूठ धरली, डोळे मिटले. मलप्पा रॉडच्या पार शेंड्याशी गेला आणि नखानं खरडायला लागला.

"लागतंय?"

देविदासनं मूठ आणखी आवळली.

"आता?" आता तो पटाशीनं टकटक करत होता.

"जरा जरा," देविदास म्हणाला.

मलप्पानं स्वतः मूठ धरून बघितली आणि देविदासला शेंड्याशी खरडायला लावलं. "मला तर दाढंपर्यंत जातंय की रे," तो म्हणाला, आणि देविदासच्या तोंडाकडं जरा जास्त वेळ बघत राहिला. मग पिंक टाकून दुसऱ्या कामाला लागला.

मार्गशीर्षातल्या थंडीत नरसिंगनं तळ्यावर तो पाइप सहज हातात घेतला आणि झटक्यात सोडला. "काका, बरफ हाय हे. धरता कसे?"

"सवय लागती," देविदास म्हणाला. त्यानं सकाळपासून उजव्या हातात धरला होता.

स्टीलही मुकंच निघालं तेव्हा तो रुसला. पाइप काढला, माळ्यावरची फोमची नळी शोधून पुन्हा चढवली. कुठलंच काही बोलणार नसेल तर निदान हलकं तरी असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या जागी गेला, विहिरीवर गळ टाकला, बिडी पेटवली. बिडी उजव्या हातात, म्हणून रॉड डाव्या हातात. डाव्या हातानं त्यानं आजवर कधी गळ धरला नव्हता.

आणि डाव्या हाताला हिसका बसला.

नुसतं चुटूचुटू नाही, पोलीसच. फोममधून, गादीतून, खांद्यापर्यंत गेला. देविदास हसला. सवयीनं रॉड उजव्या हातात घेतला, आणि हिसका बंद. तंगूस तुटलं असं वाटून त्यानं पाण्यात बघितलं. तंगूस ताठ होतं, इकडून तिकडं पळत होतं. त्यानं रॉड डावीकडं घेतला: मासा आहे. उजवीकडं: नाही. डावीकडं: आहे. असं त्यानं चारदा केलं. पाचव्यांदा करायची त्याला हिंमत झाली नाही.

मग कसलासा वास आला. गोठ्यामागं कोंबडी भाजताना येतो तसा. त्यानं इकडंतिकडं बघितलं, आणि मग हाताकडं. बिडी कधीच जळून दोन बोटांच्या बेचक्यात पोचली होती, आणि अजून जळत होती.

मासा कधी सुटला ते त्याला कळलं नाही. पांगारा, बाभूळ, बोर, सागवान, लोखंड, फोम. एकेकीला त्यानं शिव्या दिल्या होत्या. एकीचाही काही दोष नव्हता.

घरी सुभद्राबाईनं फोड बघितला.

"हे कवा झालं?"

"आत्ताच. बिडी."

"आन् तुमाला कळलं न्हाई?"

तो बाजेवर बसला. तिनं पदर खोचला आणि भर दुपारी भावकीच्या घरी जाऊन पुनमला हाताला धरून घेऊन आली. या वेळी पुनम उंबऱ्याबाहेर थांबली नाही. तिनं मामांची बाही स्वतः वर केली, डाग बघितला आणि म्हणाली, "आत्याबाई, जरा कापूस द्या." सुभद्राबाईनं देवाजवळची वात आणून दिली. पुनमनं देविदासला डोळे मिटायला लावले आणि वातीचं टोक डागावर टेकवलं, मग मनगटावर, मग करंगळीवर.

"सांगा मामा, कुठं लागलं?"

"लाव तर खरं आदी," देविदास म्हणाला.

पुनमच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तिनं तो सावरला नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण, पुस्तकात छापतात तसं बोलणारी. "काका, जिथे स्पर्श जाणवेल तिथे बोट ठेवा." काका चुकीच्या जागी बोट ठेवत राहिले. तिनं कोपराच्या आतल्या बाजूला चाचपलं. तिथली नस दोरीसारखी जाड लागली. "हा कुष्ठरोग आहे," ती म्हणाली. "घाबरण्याचं कारण नाही. बारा महिने गोळ्या. पहिल्या डोसनंतर तो तुमच्यापासून कुणाला होत नाही. पूर्ण बरा होतो."

"आन् हात?"

"बधिरपणा वाढणार नाही, इतकं बघू."

"तसं न्हाई. हाताला कळंल का? पयल्यावानी."

तिनं पेन खाली ठेवलं. "किती दिवस झाले बधिरपणाला?"

"दीड वरीस."

"सहा महिन्यांच्या आत आला असतात तर औषधानं पुष्कळ फरक पडला असता. आता मी आशा दाखवणार नाही."

सोबत आलेली पुनम फरशीकडं बघत होती. सर्व्हेच्या वेळी तीनच महिने झाले होते. हा हिशेब तिलाही येत होता आणि देविदासलाही.

डॉक्टरीण पुढं सांगत होती. ज्या हाताला कळत नाही तो हात नको इतकं दाबून धरतो, आणि जखम करून घेतो. विळा, खुरपं, कुऱ्हाड, चहाचा कप, सगळ्याला जाड आणि मऊ मूठ हवी. "कापड गुंडाळा. किंवा ती फोमची नळी मिळते ना, ती उत्तम."

"हाय माज्याकडं," देविदास म्हणाला.

बसमध्ये पुनम हळूच म्हणाली, "मामा, त्या दिवशी म्या आत यायला पाहिजे होतं."

"तू इचारलंस की. म्याच न्हाई म्हनलं." आणि बरंच पुढं गेल्यावर, खिडकीबाहेर बघत: "तुला न्हाई, हिला म्हनलं. तुला म्हनायला तोंड कुटं होतं."

गावात कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं. मलप्पाकडं देविदास स्टीलचा पाइप परत द्यायला गेला. मलप्पानं हात पुढं केला, आणि तो हात वाटेतच जमिनीकडं वळला. "तिथं ठेव. तिथंच." चहा मागवला. चहा दोन आले, देविदासचा कागदी कपात. मलप्पा त्या दिवशी एक शब्द कानडी बोलला नाही. परक्या गिऱ्हाइकाशी बोलतो तसं शुद्ध मराठी बोलला. देविदासनं चहा तसाच ठेवला. कागदी कपाचा चटका उजव्या हाताला कळत नाही, आणि डाव्या हातानं उचलला तर मलप्पाला वाटेल तो उजवा मुद्दाम लपवतोय.

आदिनाथचा फोन आला. आवाजात व्हिडिओतला माणूस नव्हता. "मामा, अयोध्या यंदा सुट्टीत येनार न्हाई. बबड्याची परीक्षा हाय."

"बरं. अभ्यास करू दे," देविदास म्हणाला. बबड्या अडीच वर्षांचा होता.

पुनम दर महिन्याला गोळ्यांचं पान घेऊन यायची आणि आत येऊन बसायची. देविदासनं घरातल्या सगळ्या मुठींना चिंध्या बांधल्या. खुरपं, विळा, कुऱ्हाड, सांडशी. घरभर जखमी हत्यारं पडल्यासारखी दिसत. विस्तवाशी त्याचा हात नको म्हणून गोठ्यामागचे तीन दगड सुभद्राबाईनं एक दिवस स्वतः उचलून टाकले. गळ उन्हाळाभर खुंटीला टांगलेला राहिला.

आखाडात एका सकाळी तिनंच तो खाली काढला.

"चला."

"कुटं?"

"रोज उठून त्या खुंटीकडं बगता. चला म्हनते."

तळ्यावर ती पहिल्यांदाच आली. नेहमीची माणसं होती. त्यांनी मान हलवली आणि जरा जरा करत पलीकडं सरकून बसली. देविदासनं खिशातून थर्माकोलचा तुकडा काढला, तंगुसाला बांधायला लागला. वळलेल्या बोटांना गाठ जमेना. दोनदा सुटली. त्यानं तुकडा पाण्यात भिरकावला, नुसताच गळ विहिरीच्या जागेवर टाकला आणि फोमची मूठ डाव्या हातात धरली. पण धरायची सवय उजव्याची. थोड्या वेळानं डावा हात भरून आला आणि मूठ आपोआप उजवीकडं गेली. तिकडं गेली की तळं रिकामं.

सुभद्राबाई बघत होती. मग तिनं गळ्यातली माळ पदराखाली नीट झाकली, पुढं सरकली आणि मुठीच्या मागच्या टोकाला स्वतःचा हात लावला.

"हे असं धरायचं का?"

"आवळू नको. निस्तं ठेव."

ती दोघं बराच वेळ तशीच बसून राहिली. नवरा-बायको असे तळ्यावर हाताला हात लावून बसलेले गावानं कधी बघितले नव्हते, पण बघायला जवळ कुणी उरलं नव्हतं.

"काईतरी हाय," सुभद्राबाई एकदम म्हणाली.

"कसं? चुटूचुटू?"

"न्हाई."

"झटका देतंय?"

"झटका न्हाई वो. जड होऊन राहिलं. निस्तं जड."

देविदास पुढं झुकला. "वांब," तो म्हणाला, अगदी हळू. "लई साळसूद असती. वढू नको. बसू दे तिला."

"आन् मग?"

"मग सांग मला. हाय का अजून?"

"हाय."

तो पाण्याकडं बघत होता. पाणी सपाट होतं, वर काहीच नव्हतं.

"अजून?"

"हाय."

त्यानं उजवा पंजा मुठीवर घट्ट आवळला, बोटांची पेरं पांढरी पडेस्तोवर, आणि वाट बघितली.

"आता?"

सुभद्राबाईनं हात तसाच ठेवला, डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"आता न्हाई," ती म्हणाली. "गेलं."